लष्करचे गमले आणि निशिगंधाचे कंद



पुण्याहून कोणी पाहुणे हिवाळ्यात ग्वाल्हेरला आले आणि घरात कोणी म्हणालं, "काल रात्री पाला पडला", की ते अंगणात पानं शोधायला लागायचे. महाराष्ट्रात पाला म्हणजे झाडपाला. आपल्या ग्वाल्हेरच्या मराठीत पाला म्हणजे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पानांवर जमणारं पांढरं हिम. कुंडीला आपण गमला म्हणतो, शीतलहरीला शीतलहरच म्हणतो. "अगं, ते गमले आत सरकव, आज पाला पडणार" हे वाक्य आपल्यापैकी कितीतरी जणांनी लहानपणी ऐकलं असेल. आत सरकवायच्या त्या गमल्यांत बहुतेक घरी एक गमला निशिगंधाचा असायचा. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. गोष्ट मेक्सिकोपासून सुरू होते आणि लष्करच्या वाड्यांत येते. मधे सगळीकडे एकच प्रश्न येतो, की वसंतात लावलेला कंद हिवाळ्यातून पार कसा न्यायचा.

आधी नावांबद्दल. निशिगंध, रजनीगंधा, गुलछडी ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. जुन्या मराठीत गुलछबू असंही म्हणत. ते फारसीतल्या गुल-ए-शब-बू वरून आलं. गुल म्हणजे फूल, शब म्हणजे रात्र, बू म्हणजे वास. इंडोनेशियात याला 'सेडाप मालाम' म्हणतात, त्याचाही अर्थ रात्रीशीच जोडलेला. जिथे जिथे हे फूल गेलं तिथे लोकांना पहिल्यांदा त्याचा रात्रीचा वासच जाणवला. इंग्रजीतलं 'ट्यूबरोज' मात्र फसवं आहे. त्यात गुलाबाचा काही संबंध नाही. ते लॅटिन 'ट्यूबरोसा' म्हणजे गाठीगाठींचं, यावरून आलंय. लिनियसने १७५३ मध्ये याला 'पॉलिअँथिस ट्यूबरोसा' असं नाव दिलं. आता वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला घायपाताच्या गणगोतात नेऊन बसवलंय. शेताच्या बांधावरचं ते काटेरी घायपात आणि गजऱ्यातला निशिगंध एका घरचे, हे ऐकून मला तरी गंमत वाटली.

मूळ घर मेक्सिको. तिथल्या ॲझ्टेक लोकांच्या भाषेत याचं नाव 'ओमिशोचित्ल', म्हणजे हाडासारखं पांढरं फूल. स्पॅनिश लोकांनी १५२१ मध्ये ॲझ्टेकांची राजधानी घेतली, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथले लोक हे झाड लावत होते. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपण ज्याला निशिगंध म्हणतो, तो आज मेक्सिकोतही रानात सापडत नाही. त्याचे भाऊबंद रानात आहेत, तो स्वतः नाही. तो फक्त बागांत, शेतांत आणि कुंड्यांत आहे. म्हणजे गेली कित्येक शतकं दर वर्षी कोणीतरी कंद काढले, सुकवले, जपले आणि पुन्हा लावले, म्हणूनच हे फूल आज आहे. आंबा किंवा वड माणसाने टाकून दिला तरी कुठेतरी रुजेल. निशिगंधाला परत जायला रान उरलेलं नाही.

आता ऋतूंचा हिशोब बघू, कारण सगळी गंमत त्यातच आहे. मेक्सिकोच्या पठारावर पाऊस पडतो उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत. हिवाळा कोरडा. निशिगंधाने त्याप्रमाणे आपलं वर्ष बसवलंय: ऊन वाढलं की फुटायचं, पावसात वाढायचं, पावसाळ्यात आणि त्यानंतर फुलायचं, आणि थंड कोरड्या दिवसांत जमिनीखाली गप्प पडून राहायचं. झोपेच्या काळात त्याला दोनच गोष्टी मारतात: गोठवणारी थंडी आणि ओल. दोन्ही एकत्र आल्या तर विचारायलाच नको.

स्पॅनिश लोकांबरोबर हे कंद सोळाव्या शतकात युरोपात गेले, आणि तिथे नेमकं उलटं हवामान भेटलं. स्पेन-इटलीकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. वर फ्रान्स-हॉलंडकडे गेलं तर हिवाळ्यात ओलही आणि बर्फही. जमिनीत ठेवलेला कंद तिथे वसंतापर्यंत टिकेना. म्हणून माळ्यांनी कुंडी धरली. वसंतात कुंडीत लावा, उन्हाळाभर बाहेर ठेवा, थंडी पडायच्या आत कोरड्या खोलीत न्या.

या कुंड्यांची हौस सगळ्यात जास्त केली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने. व्हर्सायच्या आवारात त्रियानों नावाचा छोटा महाल त्याने १६७० मध्ये बांधला आणि १६८७ मध्ये तो पाडून तिथे संगमरवरी महाल उभारला. तिथल्या बागेतली फुलं वाफ्यात रुजवलेली नसत. कुंड्यांसकट जमिनीत पुरलेली असत. एक फूल कोमेजलं की माळी कुंडी उचलून त्या जागी दुसरी ठेवत. राजाला रोज ताजी बाग दिसायची. त्यात निशिगंध इतका होता की कधीकधी वासाने डोकं धरून राजासकट सगळा दरबार बागेतून बाहेर पडायचा, असं त्या काळातल्या लोकांनी लिहून ठेवलंय. पुढे दक्षिण फ्रान्समध्ये ग्रास गावाच्या आसपास अत्तरासाठी निशिगंधाची शेती झाली. खुडलेलं फूलही पुढे बराच वेळ वास सोडत राहतं, म्हणून तिथले कारागीर ताजी फुलं चरबीच्या थरावर पसरून ठेवत आणि तो वास चरबीत उतरवत.

इथे ट्यूलिपची आठवण काढायला हवी, कारण कुंडीतले कंद आणि हिवाळा म्हटलं की हल्ली सगळ्यांना तीच आठवते. क्लुसियस हा वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला आला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या बागेत ट्यूलिप फुलली. ट्यूलिप मूळची मध्य आशियातल्या डोंगरांतली, बर्फाच्या देशातली. तिच्या कंदाला तीन-चार महिने थंडी मिळालीच पाहिजे, साधारण नऊ अंशांच्या खाली. नाहीतर देठ आखूड राहतो किंवा फूलच उमलत नाही. म्हणून ट्यूलिप लावतात हिवाळ्याआधी. तिलाही कुंडीत जपावं लागतं, कारण जमिनीत कंदाभोवती मातीची गादी असते, तर कुंडीला गारवा चहूबाजूंनी लागतो आणि मुळं गोठतात. म्हणून युरोपातले लोक कुंड्या वाळूत किंवा राखेत गळ्यापर्यंत पुरून ठेवत, किंवा तळघरात नेत. काम तेच, हेतू मात्र वेगळा. ट्यूलिपला थंडी द्यायची आणि फक्त गोठू द्यायचं नाही. निशिगंधाला थंडी लागूच द्यायची नाही. हल्ली आपल्याकडे ऑनलाइन ट्यूलिपचे कंद मागवून लोक हिरमुसतात. त्यात त्यांच्या हाताचा दोष नसतो. इंदूर-बडोद्याचा हिवाळाच त्या फुलाला पुरत नाही.

निशिगंध मात्र युरोपीय जहाजांबरोबर आपल्याकडे आला आणि त्याला जणू माहेर सापडलं. आपल्याकडेही पाऊस जून ते सप्टेंबर, आणि हिवाळा कोरडा. मेक्सिकोचंच वेळापत्रक. याच कारणाने मेक्सिकोचा झेंडूसुद्धा आपल्याकडे असा रुळला की दसऱ्याचं तोरण त्याच्याशिवाय होत नाही, आणि तो परदेशी आहे हे सांगितलं तर आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना पटत नसे. निशिगंध फुलतो ऐन गौरी-गणपतीत. मराठी घरांत त्याला आणखी काय पाहिजे!

आता लष्कर. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडली. पुढे तंबूंच्या जागी घरं झाली, तरी नाव लष्करच राहिलं. सैनिक, कारकून, भिक्षुक, वैद्य, गवई, सगळे त्या छावणीच्या मागोमाग आले. त्यांनी वाडे बांधले ते इथल्याच दगडाचे. ग्वाल्हेरचा वाळूचा दगड उत्तम, त्यामुळे चौकालाही फरशी. फरशीच्या चौकात तुळशीवृंदावन तेवढं मातीचं असायचं, बाकी फुलझाडं गमल्यांतच. कोकणातल्या परसासारखी मोकळी माती बहुतेकांच्या वाट्याला नव्हती. कुंभाराकडचे गमले, फुटके माठ, तुपाचे रिकामे कनस्तर, जे हाताला लागेल त्यात झाडं लावलेली.

आणि ग्वाल्हेरचं हवामान म्हणजे काही विचारू नका. मे-जूनमध्ये पंचेचाळीसच्या वर, जानेवारीत रात्री दोन-तीन अंशांवर. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमिनीतली आणि कुंड्यांतली ऊब रात्रभर वर निघून जाते, आणि हवेत तीन अंश असले तरी पानांवर शून्य होतं. त्यालाच आपण पाला पडणं म्हणतो. म्हणूनच गच्चीतला गमला मरतो आणि त्याच घरातल्या ओसरीतला वाचतो. ओसरीत काही जास्त ऊब नसते, पण वर छप्पर असल्यामुळे कुंडीला उघडं आकाश दिसत नाही. झाडावर नुसती जुनी चादर टाकली तरी एवढा फरक पडतो, तो याच कारणाने. मातीच्या कुंडीचं आणखी एक असतं. ती ओली असली की बाहेरून पाणी उडत राहतं आणि माठासारखी गार होते. उन्हाळ्यात जे वरदान, तेच हिवाळ्यात घातक.

हे शास्त्र आमच्या आजीने पुस्तकात वाचलेलं नव्हतं. तिच्याकडे पंचांग होतं. दिवाळी झाली की निशिगंधाचं पाणी कमी. पानं पिवळी पडायला लागली तरी कापायची नाहीत, आपोआप सुकू द्यायची, कारण पानांतलं सगळं सत्त्व कंदात उतरायचं असतं. मार्गशीर्षात पाणी बंद, गमले ओसरीत भिंतीला लावून, वर बारदान. पौषात एखाद्या उन्हाच्या दुपारी गमला उपडा करायचा, गड्डे मोकळे करायचे, माती झटकायची पण धुवायचे नाहीत. दोन-चार दिवस सावलीत वाळवायचे आणि चुलीच्या थंड राखेत घालून कोठीघरात वरच्या फळीवर ठेवायचे. राख कोरडी, त्यामुळे ओल शोषते आणि किडाही लागत नाही. महाशिवरात्र ते होळी या दिवसांत पुन्हा लावायचे: दहा-बारा इंची गमल्यात चार-पाच गड्डे, तीन-चार बोटं खोल, मातीत शेणखत आणि बरीचशी वाळू. मग आषाढ-श्रावणात पहिली छडी दिसायची.

कंद निवडतानाही एक रीत होती. निशिगंधाचा जो गड्डा एकदा फुलला तो पुन्हा फुलत नाही. त्याच्या भोवती पिल्लं येतात आणि पुढचं फूल त्या पिल्लांतून येतं. मोठी पिल्लं त्याच वर्षी फुलतात, बारीक असतील त्यांना आणखी एक वर्ष वाढू द्यावं लागतं. म्हणून दर हिवाळ्यात तीन ढीग पडायचे. जुने रिकामे गड्डे टाकायचे, मोठे लावायचे, बारीक वेगळ्या गमल्यात वाढवायचे. आणि मोठ्यांतले निम्मे वाटून टाकायचे. हा नियम आजीने कधी मोडला नाही. शेजारच्या काकूंना, देवळातल्या गुरवांना, सासरी निघालेल्या मुलींना, बदली होऊन जाणाऱ्यांना. कोणाला आवड असो-नसो, हातात पुडी पडायचीच.

पिल्लू म्हणजे बी नव्हे. बियांतून आलेलं झाड आई-बापाचं मूल असतं. पिल्लातून आलेलं झाड म्हणजे तेच झाड, पुढे चालू. आजीच्या गमल्यातला निशिगंध इंदूरला आत्याकडे गेला, बडोद्याला मावशीकडे गेला, एक पुडी हैदराबादलाही गेली. ती चार ठिकाणची चार झाडं नव्हती, एकच झाड चार गावांत होतं.

त्या प्रत्येक गावात त्याचे धोके वेगळे. इंदूरला काळी माती, ती पाणी धरून ठेवते, म्हणून आत्या वाळू दुप्पट घालायची. बडोद्यात पाल्याची भीती नाही, तिथे मावशी हिवाळ्यात कंद काढायचीच नाही, पण भर पावसात कुंडीखालचं भोक बुजलं की गड्डे सडायचे. हैदराबादला थंडी नावापुरती, तिथे उन्हाळाच जपावा लागे. म्हणजे ज्या वर्षी एका गावात सगळं जायचं, त्या वर्षी बाकीच्या तीन गावांत ते सुखरूप असायचं.

हे मला कळलं ते एका जानेवारीने. मी शाळेत होतो. आत्याच्या बाळंतपणासाठी आजी कार्तिकातच इंदूरला गेली होती आणि गमले गच्चीतच राहिले. मकरसंक्रांतीच्या आधी दोन दिवस मावठा पडला. आपल्याकडे हिवाळ्यातला हा पाऊस पश्चिमेकडून येतो, आणि तो सरला की आकाश स्वच्छ होऊन उत्तरेचं गार वारं सुटतं. तसंच झालं. आधी गमले भिजून चिंब, मग लागोपाठ तीन रात्री पाला. आजी परत आली तेव्हा गमल्यातली माती वरून ठीक दिसत होती. तिने बोटाने उकरून एक गड्डा काढला, तर तो सडलेल्या कांद्यासारखा हातातच फुटला. सगळ्या गमल्यांत तेच. शंभर-दीडशे गड्ड्यांतला एकही उरला नाही. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिच्या सासूने तिला हे कंद दिले होते, आणि सासूला ते तिच्या सासूकडून मिळाले होते. घरात सगळे गप्प होते. आजीने गमले रिकामे केले, माती उन्हात टाकली आणि स्वयंपाकाला लागली.

होळीच्या आधी इंदूरहून कोणी ओळखीचे आले, त्यांच्याबरोबर आत्याने डालड्याचा डबा पाठवला होता. आत राख आणि राखेत वीस गड्डे. बरोबर चिठ्ठी की शेजारच्या काकूंनाही यातले द्यावेत, त्यांचेही गेले असतील. आजीने तो डबा चौकात बसून उघडला आणि गड्डे मोजत म्हणाली, "दिलं होतं म्हणून आहे हो." बाकी काही बोलली नाही. त्या श्रावणात छड्या थोड्याच आल्या, पण आल्या.

तेव्हापासून मला वाटतं की आपण हिवाळ्यातल्या निगेबद्दल बोलतो तेव्हा अर्धीच गोष्ट सांगतो. राख, बारदान, ओसरी, कोरडी फळी हे सगळं खरंच आहे आणि करायलाच हवं. पण एखादं वर्ष असं येतंच की घरात कोणी नसतं, मावठा पडतो आणि पाठोपाठ पाला येतो. अशा वर्षी आपल्या घरातली निगा पुरत नाही, दुसऱ्याच्या घरातली निगा कामी येते. रान नसलेलं हे फूल मेक्सिकोच्या वाफ्यांतून फ्रान्सच्या कुंड्यांत आणि तिथून इतक्या दूरवर टिकलं, त्यामागे ज्या माणसांनी नियमाने कंद जपले तेवढीच ज्यांनी ते उचलून दुसऱ्याला दिले तीही आहेत. आपण मराठी मंडळी ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा, हैदराबाद अशी पसरलो तेव्हा आपल्या पुरणाच्या पद्धती, गौरीची गाणी, घरातली बोली यांचंही थोडंफार असंच झालं. एका गावात विसरलेली रीत दुसऱ्या गावातल्या एखाद्या आत्याकडे निघते.

आज बाजारात निशिगंधाच्या नव्या जाती आहेत. बंगळुरूच्या संशोधन संस्थेच्या शृंगार, सुवासिनी, प्रज्वल. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले रजनी. शेतकऱ्यांना त्यांचा फायदाच झाला आणि फुलंही देखणी आहेत. पण जुन्या घरांतला एकेरी पाकळ्यांचा, बारीक छडीचा, संध्याकाळी आख्खा वाडा भरून टाकणारा निशिगंध कोणत्याही रोपवाटिकेच्या यादीत आपल्या आजीच्या नावाने मिळणार नाही. तो ज्याच्याकडे असेल त्याच्याकडेच आहे. लष्करमधले वाडे एकेक करून विकले जातायत, त्यांच्या जागी इमारती येतायत, आणि घर रिकामं करताना भांडी, देव, फोटो सगळं आठवणीने उचललं जातं. गच्चीतल्या वाळलेल्या मातीच्या गमल्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, कारण हिवाळ्यात त्यात काही आहे असं दिसतच नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी जुने गमले असतील त्यांनी यंदा पौषात एकदा माती उकरून बघा. गड्डे दिसले तर सुकवा, राख मिळाली नाही तर कोरड्या वाळूत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून हवेशीर जागी ठेवा. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत ओल धरते. फेब्रुवारी संपताना लावा. आणि लावायच्या आधी चार-पाच बाजूला काढून दुसऱ्या गावातल्या कोणाला तरी पाठवा. आमच्याकडचे त्या वीस गड्ड्यांच्या वंशातले अजून आहेत. कोणाला हवे असतील तर होळीच्या आधी सांगा. आणि तुमच्या घरी कंद, रोपं, विरजण, काहीही असं गावोगाव फिरून परत आलं असेल तर जरूर लिहा. कुठल्या गावाहून, कोणाबरोबर, कशात बांधून आलं, तेही लिहा.